खिडकीच्या आतल्या बाजूने

बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी पेढा तोंडात जायच्या आधी पहिला सल्ला कानात गेलेला असतो. ‘हे दिवस परत येत नाहीत, मजा करून घे’ म्हणणारे एका बाजूला आणि ‘ही तीन वर्षं कष्ट कर, मग आयुष्यभर मजाच आहे’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या गटाने हेच वाक्य दहावीच्या आधी आणि बारावीच्या आधीही ऐकवलेलं असतं, आणि त्यांच्यापैकी कोणालाही मजा करताना आजवर कोणी पाहिलेलं नाही. शिवाय ‘वाचन वाढव’, ‘इंग्रजी सुधार’, ‘रूम पार्टनर बघून निवड’ अशा किरकोळ सरी अधूनमधून येत असतातच.

माझा सल्ला यांपैकी कुठल्याच खात्यात बसत नाही. मी प्राध्यापक नव्हतो, समुपदेशक नव्हतो, यशस्वी उद्योजक तर नव्हतोच. मी एका विद्यापीठाच्या पात्रता विभागात खिडकीच्या आत बसायचो. कुठल्या विद्यापीठात ते विचारू नका. पेन्शन चालू आहे. विभागाचं नाव ऐकून मुलं दचकत, पण तुमची लायकी काढणं हे आमचं काम नव्हतं, ते घरचे करतातच. वेगवेगळ्या बोर्डांतून आलेल्या मुलांची कागदपत्रं खरी आहेत ना ते बघायचं आणि प्रत्येकाला कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, पडला की नाही ते पाहायचं, एवढंच काम. हा आकडा पाठ करा. विद्यापीठात तुमचं नाव फक्त मित्रांना लागतं. बाकी सगळ्यांना पीआरएन लागतो.

विद्यापीठाबद्दल मनात फार भक्तिभाव असेल तर तोही जरा सैल करून या. मुंबई विद्यापीठ निघालं ते १८५७ सालच्या जुलैत. उत्तरेत उठाव पेटलेला, कंपनी सरकारची झोप उडालेली, आणि इकडे कोणीतरी शांतपणे विद्यापीठाचा कायदा मंजूर करून घेत होतं. गोंधळ आणि विद्यापीठ यांचं नातं इतकं जुनं आहे. पाच वर्षांनी, १८६२ साली, पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आणि सगळी तुकडी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. मला नेहमी ती खिडकी दिसते. बाहेर रानडे आणि भांडारकर, त्यांच्या मागे कोणी नाही, आत कारकून निवांत पान लावतोय. आज एकट्या पुण्याच्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजांतली मुलं लाखांत मोजावी लागतात, आणि त्यातली निम्मी शेवटच्या तारखेला येतात.

तेव्हा पहिली सूचना अशी, की मामाला आणू नका.

दर जूनमध्ये खिडकीवर येणाऱ्या मामांची एक जात आहे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये कोणाचा तरी नंबर. खिडकी अशा उंचीवर बांधलेली, की धडधाकट माणसाला वाकल्याशिवाय बोलता येत नाही. मामा वाकतात. मुलगा मागे फाईल छातीशी धरून उभा. मी विचारतो, ‘नाव काय?’ मामा म्हणतात, ‘भाचा आहे माझा.’ मी विचारतो, ‘बारावी कुठल्या बोर्डाची?’ मामा मागे वळून विचारतात, ‘काय रे, कुठलं बोर्ड?’ मुलगा मामांना सांगतो, मामा मला सांगतात. मुलाला मराठी येतं, मला मराठी येतं, तरी मध्ये दुभाषा. मग मामा हळू आवाजात म्हणतात, ‘कुलगुरूंच्या पीएशी आपली ओळख आहे.’ असेल. पण ओळख कुलगुरूंच्या पीएशी आणि काम माझ्याशी, याला मी काय करणार?

मुली या बाबतीत जरा बऱ्या. त्या वडिलांना घेऊन येतात, पण त्यांना झाडाखाली बसवून ठेवतात.

खिडकीवर एकटं जायचं तर हाक काय मारायची, इथपासून तयारी हवी. गावाकडची मुलं ‘भाऊसाहेब’ म्हणत. तलाठी कार्यालयातली सवय. शहरातली ‘काका’ म्हणत. इंजिनीअरिंगवाले ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून थांबत, जणू पुढचं मी ओळखावं. ‘सर’ सगळ्यांत बिनधोक. आत बाई बसलेल्या असतील तर ‘मॅडम’. ‘काकू’ चुकूनही नाही, ‘मावशी’ तर अजिबात नाही. आमच्या शेजारच्या टेबलवरच्या मॅडमना एका मुलाने ‘मावशी’ म्हटलं होतं. त्याचा अर्ज नियमानुसारच निकाली निघाला, फक्त त्या वेळी सगळे नियम वापरले गेले.

आता कागद. कागदांच्या बाबतीत मुलं गाफील असतात, कारण हल्ली सगळं ऑनलाइन आहे अशी त्यांची समजूत करून दिलेली असते. ऑनलाइन म्हणजे काय, तर फॉर्म घरी बसून भरायचा, त्याची प्रिंट काढायची, त्यावर फोटो चिकटवायचा आणि ती प्रिंट कॉलेजात नेऊन द्यायची. तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, हातातून जायच्या आधी त्याच्या भरपूर झेरॉक्स काढून ठेवा. मूळ टीसी कॉलेजच्या कपाटात एकदा गेली की तीन वर्षं तिचं दर्शन नाही, आणि तुम्हाला ती पुढच्याच आठवड्यात शिष्यवृत्तीला लागते. बोनाफाईडही जादा घ्या. एसटीच्या पासाला लागतं (विद्यार्थ्याला भाड्यात ६६.६७ टक्के सवलत आहे, ती सोडू नका), बँकेत लागतं, आणि काही घरमालकांनाही लागतं, तुम्ही खरंच शिकता याची खात्री पटत नाही म्हणून.

पण सगळ्या कागदांची कुलदेवता दहावीची गुणपत्रिका. तिच्यावर जे नाव, ते तुमचं नाव. घरात काय हाक मारतात, आधारवर काय छापलंय, आजीने बारशाला काय ठेवलं होतं, याला अर्थ नाही. माझ्या नोकरीतली अर्धी भांडणं सूर्यवंशी या एका आडनावावरून झाली. मार्कलिस्टवर सूर्यवंशी ‘व्ही’ने, आधारवर ‘डब्ल्यू’ने, बँकेच्या पासबुकात शेवटचा ‘आय’ गायब. मुलगा तोच, फोटो तोच. मुलगा म्हणतो, ‘सर, मराठीत तर एकच आहे ना!’ अगदी बरोबर. पण संगणकाला वंश कळत नाही, अक्षर कळतं. त्याच्या दृष्टीने ती दोन घराणी. तेव्हा ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, ‘दीपक’मध्ये दोन ‘ई’ की एक ‘आय’, हा निकाल कॉलेजात पाय ठेवायच्या आधी घरीच लावा आणि बाकीचे सगळे कागद मार्कलिस्टच्या मागे चालवा. उलटं करायला जाल तर अर्ज, शाळा, बोर्ड, राजपत्र अशी चारधाम यात्रा होते.

त्यात मार्कलिस्टवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. ‘फर्स्ट नेम’च्या चौकटीत निम्मी मुलं आडनाव लिहितात, कारण मार्कलिस्टवर पहिलं तेच आहे. चूक कोणाची म्हणायची? १ मे २०१४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात तर सरकारने आईचंही नाव घातलंय: आधी आपलं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय उत्तमच. ही मुलं विद्यापीठात पोचतील तेव्हा खिडकीत मी नसेन, हे आणखी उत्तम.

साक्षांकनाचा एक किस्सा राहिला. पूर्वी झेरॉक्स खरी आहे असं राजपत्रित अधिकाऱ्याने हिरव्या शाईत लिहून द्यावं लागे. मुलं हिरव्या शाईचा माणूस शोधत तालुकाभर फिरत. पशुवैद्यकीय अधिकारी हा त्यातल्या त्यात दयाळू म्हणून प्रसिद्ध होता. बीए, बीकॉमच्या कित्येक गुणपत्रिका गुरांच्या दवाखान्यात खऱ्या ठरल्या आहेत. २०१५ पासून महाराष्ट्रात स्वयंसाक्षांकन चालतं. स्वतःच्या कागदावर स्वतः सही करायची, संपलं. तरी मुलं यायची.

‘सर, यावर कोणाची सही आणू?’

‘तुझी.’

‘माझी चालेल?’

‘तुझीच चालेल.’

मुलगा संशयाने बघायचा. अठरा वर्षं त्याच्या प्रगतिपुस्तकावर दुसऱ्यांनीच सह्या केलेल्या. आपल्या सहीने काही होतं हे त्याला पटेना. मग तो बाजूला जाऊन सही करायचा, आणि खरी गंमत पुढे. सही ठरलेलीच नसे. पहिल्या झेरॉक्सवर आडनावाला मोठा फाटा, खाली दोन टिंबं, एखाद्या नटासारखी. तिसऱ्यावर फाटा आखडता. आठव्यावर नुसती आडवी रेघ. मी म्हणायचो, ‘ही आठ माणसं कोण?’ तर मंडळी, एक सही ठरवून या, आणि ती कंटाळा आल्यावरही करता येईल अशी ठरवा. त्या दोन टिंबांचा पुढे फार त्रास होतो.

कागद घेतले, सही ठरली, मामा घरी राहिले. आता चाला. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं तेव्हा त्याला गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला मिळाला आणि आवार मिळालं चारशेहून अधिक एकरांचं. गव्हर्नरसाहेब बग्गीतून फिरत, त्यामुळे अंतराचा विचार कोणी केला नसावा. लातूरहून रात्रीच्या गाडीने आलेला मुलगा गेटपासून परीक्षा विभागापर्यंत तंगड्या तोडत जातो आणि तिथे कळतं, की चलन भरल्याची पावती बॅगेत आहे आणि बॅग मित्राच्या रूमवर. म्हणून विद्यापीठात जाताना सगळे कागद अंगावर असू द्या. लग्नाला जाताना बायका दागिने असेच नेतात, लागोत न लागोत.

खिडकीतून येणारी उत्तरंही आधी समजून घ्या. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हणजे साहेब मीटिंगला गेलेत. हे बहुतेक खरं असतं, विद्यापीठात मीटिंगा फार. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हेही पुष्कळदा खरं असतं, आणि नसतं तेव्हा कारकून डाऊन असतो. दोन्हींत अर्धा तास थांबणं हाच उपाय. ‘फाईल सहीला गेली आहे’ म्हणजे फाईल आहे, ही आनंदाची बातमी. ‘सोमवारी या’ याचा अर्थ आज गुरुवार आहे. सगळ्यांत कठीण म्हणजे ‘तुमच्या कॉलेजकडून आलेलं नाही’. तुम्ही कॉलेजात जाता, तिथे म्हणतात, ‘आम्ही पाठवलं, विद्यापीठाकडून आलेलं नाही.’ कोणीही खोटं बोलत नसतं. कागद त्या घडीला कॉलेजच्या शिपायाच्या कापडी पिशवीत असतो, आणि शिपाई रजेवर.

यावर एकच औषध मी पाहिलं आहे. कुठलाही अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. आवक क्रमांक घेऊन आलेल्या मुलाकडे आम्ही वेगळ्या नजरेने बघायचो. त्याला बसायला सांगायचो. अशा मुलाच्या घरात वकील असतो नाहीतर निवृत्त कारकून, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक होतं.

ज्यांच्या घरात दोघंही नाहीत त्यांनी गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याशी ओळख ठेवावी. परिपत्रक निघतं, ते आमच्या टेबलवर दुपारनंतर यायचं. त्याच्या काउंटरवर सकाळी अकराला त्याच्या प्रती दोन रुपयाला एक अशा विकायला असत. फॉर्ममधली कुठली चौकट रिकामी सोडायची, कुठल्या विभागाची खिडकी यंदा हलली, कुठल्या सरांचे नोट्स परीक्षेत येतात आणि कुठल्या सरांचे नुसतेच वजनाला जड, हे सगळं त्याला पाठ. मुदतवाढ मिळणार का, हेही तो सांगतो. पण इथे जपून. विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क, मग मुदतवाढ, हा क्रम ऐकून मुलं निर्धास्त होतात. ज्या वर्षी तुम्ही मुदतवाढीवर विसंबता त्या वर्षी पोर्टल रात्री बाराच्या ठोक्याला बंद होतं, आणि बाराला पाच कमी असताना खात्यातून पैसे गेलेले असतात, पावती आलेली नसते.

अभ्यासक्रमाबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, विद्यापीठात तोही असतो. नवं शैक्षणिक धोरण २०२० चं. संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं, आणि येताना मुळाक्षरं घेऊन आलं. मेजर आणि मायनर इथवर ठीक. पुढे ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. पालक वेळापत्रक वाचतात तेव्हा रक्ताचा रिपोर्ट वाचल्यासारखे दिसतात. सत्राला साधारण २२ क्रेडिट गोळा करायचे आणि ते एबीसीत जमा करायचे. इथे एबीसी म्हणजे अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. पुण्यातल्या एका आजोबांनी एबीसी म्हटल्यावर नातवाला अप्पा बळवंत चौकात पाठवलं होतं. तो जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत घेऊन आला, हा त्यातल्या त्यात फायदा. धोरणाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे निर्गमन. पूर्वी पहिल्या वर्षानंतर घरी बसणाऱ्याला लोक ‘कॉलेज सोडलं’ म्हणत. आता आणखी चार क्रेडिट केले तर त्यालाच प्रमाणपत्र मिळतं.

वर्गातही जा. पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. उरलेल्या पंचवीस टक्क्यांवर महाराष्ट्राची रंगभूमी उभी आहे. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून त्याच पंचवीस टक्क्यांत चालतो, कधी थोडा पंचाहत्तरातही घुसतो.

राहण्या-खाण्याचं तुम्हाला इतर कोणीही सांगेल, म्हणून थोडक्यात. ‘कॉट बेसिस’वर राहताना तुमची असते ती फक्त कॉट; पंख्याचं बटण सगळ्यांचं, आणि रात्री त्यावरून मतदान होतं. मेस लावताना चव बघू नका, खाड्याचा नियम विचारा. गावी जाताना आदल्या दिवशी सांगितलं तर खाडा धरतात का, सलग किती दिवसांचा धरतात, हे ठरलेलं नसेल तर दिवाळीच्या सुट्टीतल्या न खाल्लेल्या पोळ्यांचे पैसे तुम्ही भरता. रविवारी दुपारी फीस्ट असते म्हणून रात्री मेस बंद असते. आईने दिलेला लाडवांचा डबा पहिल्या रात्री खोलीत उघडू नका. उघडलात तर त्या रात्री दहा मित्र मिळतील आणि सकाळी डबा धुऊन मिळेल.

एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. सीनियरने त्रास दिला तर ‘चालायचंच’ म्हणून गप्प बसू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि प्रवेशाच्या वेळी तुमच्याकडून नि पालकांकडून जे हमीपत्र घेतात ते सीनियरनेही भरलेलं असतं. देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. हा नंबर पीआरएनच्या शेजारी लिहून ठेवा.

आणि विषय राहिलाच तर? राहू दे, एटीकेटी आहे. फक्त टिळकांचं उदाहरण देऊ नका. वर्ष गेलेला प्रत्येक मुलगा खिडकीवर कधी ना कधी मला सांगायचा, की टिळकांनीही डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवलं होतं. घालवलं, खरंच. पण त्यानंतर १८७६ साली ते पहिल्या वर्गात बीए झाले. हा उत्तरार्ध सांगणारा विद्यार्थी मला भेटला नाही. आणि तालमीत गेलेलाही.

सगळं सुरळीत पार पडलं तर पदवी मिळते, आणि ती न्यायला कोणी येत नाही. कॉलेजांच्या कपाटांत पदवी प्रमाणपत्रांचे गठ्ठे पडून असतात. मुलं पासिंगच्या मार्कलिस्टवर नोकरीला लागतात, लग्न करतात, घरासाठी कर्ज काढतात. असेच एक गृहस्थ मुलीच्या प्रवेशासाठी तिच्याबरोबर आले होते. तिचं काम तिने स्वतःच, वाकून, पाच मिनिटांत उरकलं. ते मागे घुटमळत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, ‘साहेब, माझं सर्टिफिकेट अजून मिळेल का? नेलंच नव्हतं.’ मी सांगितलं, अर्ज करा, शुल्क भरा, जुनी मार्कलिस्ट जोडा. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही झाडाखाली बसा, मी बघते.’ तिने अर्ज आणला, भराभर भरला, वरच्या चौकटीपाशी थांबली आणि त्यांना हाक मारून पीआरएन विचारला. त्यांच्या वेळी पीआरएन नव्हताच.

मी म्हटलं, सोमवारी या.